सुपेल्याच्या मशीनचा चार्ज

दादा, काल मी सुपेल्यात तुझ्या खुर्चीवर बसले आणि पहिल्याच मिनिटाला घोळ घातला. तू असतास तर महिनाभर ऐकवलं असतंस. तू नाहीस म्हणून मीच येऊन सांगते आहे. मी माफी मागते आहे की भांडते आहे, हे मात्र मलाही धड कळत नाही.

बावीस दिवस झाले. त्या गुरुवारी सकाळी छातीत दुखतंय म्हणालास आणि दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचला नाहीस, एवढंच मला फोनवर सांगितलं गेलं. तेव्हापासून लोक विचारतात, तुमचं शेवटचं बोलणं काय झालं. मी सांगते, काही खास नाही. खरं तर आपण भांडत होतो, तेही कॉम्प्युटरच्या पडद्याच्या रंगावरून. भावाबहिणीचं शेवटचं बोलणं काळ्या-पांढऱ्यावर अडलं होतं हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर ते हसतील, आणि हसले तर मला राग येईल.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना झाल्यावर, भंडाऱ्याचे मामा माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "बाई, आमचा भाचा नेमकं काय काम करे वं? दिवसभर त्या सुपेल्याच्या खोलीत काय करून राहत होता?" मी त्यांना तुझं प्रोग्रामिंगचं काम समजावू लागले आणि समजावता समजावता गादीवर येऊन पोचले.

गादी तर मामांनाही माहीत होती. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात, मिलमध्ये, क्रेन चालवायचे. उंचावरच्या केबिनमध्ये आठ-आठ तास बसायचं, आणि केबिनमधली सीट कुठे फाटलेली तर कुठे नुसता पत्रा. म्हणून आईने जुन्या साडीची एक गादी शिवून दिली होती, निळ्या काठाची. बाबा ती डब्याबरोबर सायकलला बांधून न्यायचे. आज या क्रेनवर ड्युटी, उद्या त्या. बाबा म्हणायचे, "क्रेन कोनतीबी देऊ दे, गादी आपली पायजे."

तू तेच उचललंस. आपल्याकडे तीन मशीन. भिलाईतच एक कोहक्याला घरी, एक सुपेल्यात मोटर वाइंडिंगच्या दुकानावरच्या तुझ्या खोलीत, आणि एक माझा लॅपटॉप, जो माझ्याबरोबर पुण्याला. प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या मशीनवर काही बारीक बारीक फाइली असतात. अक्षर केवढं हवं, पडदा कुठल्या रंगाचा, कोणती कळ दाबली की काय व्हावं, लांबलचक आज्ञेला कोणतं छोटं नाव द्यायचं, हे सगळं त्यात. तू त्या सगळ्या एका फोल्डरमध्ये गोळा केल्यास, तो फोल्डर इंटरनेटवर अशा जागी ठेवलास की तिन्ही मशीनना घेता यावा, आणि त्याचं नाव ठेवलंस 'गादी'.

मशीनवर बसलं की 'चार्ज घे' चालवायचं, शिफ्ट बदलताना बाबा क्रेनचा ताबा घ्यायचे तसं. वरून ताजी गादी खाली यायची आणि तिथे जे असेल त्याच्या जागी बसायची. उठताना 'चार्ज दे'. म्हणजे इथे जे बदललं ते वर जायचं, आणि सोबत एक ओळ लिहावी लागायची. बाबा शिफ्टच्या वहीत लिहायचे तशीच. "बी शिफ्ट, कोहका. अक्षर एका नंबरनं वाढवलं. बाकी ठीक. चार्ज दिला." जगातले बाकीचे प्रोग्रामर अशा ठिकाणी काय लिहितात ते मी पुण्यात पाहिलं आहे. कुणी तीन शब्दही लिहीत नाही. माझ्या ओळी वाचून ऑफिसातल्या मुली विचारतात, ही बी शिफ्ट कुठली?

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. आता ते कोन चालवन?"

तुला बाबांचं सांगायला हवं. ते रडले नाहीत. आले-गेले त्यांच्याशी नीट बोलले, पण मला एकटीला गाठून रोज एकच विचारायचे, "त्यानं चार्ज देला होता का?" तुला माहीत आहे, बदली माणूस येईपर्यंत बाबांनी कधी क्रेन सोडली नाही. चार्ज न देता निघून गेलेल्या एका माणसाबद्दल ते रिटायर झाल्यावरही कडू बोलायचे. आता त्यांच्या डोक्यात एवढंच बसलं होतं की आपला मुलगा तसाच निघून गेला. मला आधी वाटलं, दुःखाने त्यांचं काहीतरी गडबडलं आहे. मग वाटलं, माझंच गडबडलं असेल, कारण मीही लॅपटॉप उघडून तेच शोधत बसले.

सुपेल्याहून आलेली तुझी शेवटची ओळ तुझ्या जाण्याच्या आठ दिवस आधीची होती. आणि तू तर आदल्या संध्याकाळपर्यंत तिथे बसत होतास. म्हणजे आठ दिवसांचं काहीतरी त्या मशीनवरच राहिलं होतं, वर न आलेलं. मी हे बाबांना सांगायला नको होतं. सांगितलं. त्यात खोलीच्या मालकाने रविवारपर्यंत खोली रिकामी मागितली होती. बाबा उठून चपला घालू लागले. "चाल मंग," म्हणाले, "त्याचा चार्ज कोनी तरी घ्याले पायजे."

आता आपलं जुनं भांडण. ते तुला पाठ आहे, तरी ऐक, कारण यावेळी मधे बोलायला तू नाहीस.

मी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होते. लॅपटॉप नवा, आणि वर्षभर खपून मी त्यात माझं माझं सगळं लावून घेतलं होतं. पांढरा पडदा, कारण काळ्याने माझं डोकं दुखतं. मोठं अक्षर. आज्ञांना मी ठेवलेली अकरा नावं. एका रविवारी तू गादी घेऊन आलास. "दे इकडं, पाच मिनटात करून देतो." आणि पाच मिनिटांत माझं सगळं गेलं. पडदा काळा, अक्षर मुंगीएवढं. मी विचारलं, माझं कुठे आहे? तू म्हणालास, "तुयं काय होतं वं त्याच्यात? हे चांगलं आहे न."

मी पंधरा दिवस तुझ्याशी बोलले नाही. एका घरात राहून. तू ताटावर बसून आईला सांगायचास, "तिले म्हणा लोणचं सरकव," आणि मी ऐकूनही आईने सांगेपर्यंत सरकवायची नाही. तू माफी मागितली नाहीस. कधीच नाही. सोळाव्या दिवशी मलाच काहीतरी अडलं आणि मी विचारलं, तू सांगितलंस, संपलं. पण माझ्या बाजूने संपलं नव्हतं हे तुला ठाऊक होतं.

त्यानंतर वर्षानुवर्षं हाच खेळ. मी पडदा पांढरा करायची, 'चार्ज घे' म्हटलं की पुन्हा काळा. मी म्हणायची, माझ्या मशीनपुरता फरक राहू दे ना. तू म्हणायचास, "तीन मशीनच्या तीन तऱ्हा झाल्या तर उद्या कोनाले काय समजन? गादी एकच." मी म्हणायची, गादी एक असली तरी बसणारे दोघं आहेत. यावर तुझं उत्तर, "मंग बसाले शीक."

शेवटच्या फोनवरही तेच. मी पुढच्या रविवारी भिलाईला येणार होते. तू म्हणालास, "रविवारी येतं न? ये मंग, पाहू." मला वाटलं, नेहमीसारखं टाळतोयस. मी म्हटलं, तुझं 'पाहू' मला चांगलं माहीत आहे, ठेव फोन. आणि तू ठेवलास. एरवी माझं एक ऐकायचा नाहीस, तेवढं ऐकलंस.

काल अकराच्या सुमारास बाबांना स्कूटरवर मागे बसवून सुपेल्याला गेले. चौकात नेहमीचा गोंधळ होता, हातगाड्या, ऑटो, भोंगे. खाली वाइंडिंगवाला मिस्त्री तांब्याची तार गुंडाळत बसला होता. मला पाहून उठून उभा राहिला. म्हणाला, "दीदी, भैया बताए थे आप इतवार को आने वाली हो. बोल रहे थे, कुछ दिखाना है उसको." काय दाखवायचं होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. बाबा कठडा धरून एकेक पायरी चढले. खोलीत व्हार्निशचा तोच वास होता, जो तुझ्या शर्टांनाही यायचा.

मशीन चालू केलं. पासवर्ड मागितला. तिन्ही मशीनना एकच, तुझं सगळं एकच, त्यामुळे तो मला येतच होता. आणि पडदा उघडला तो पांढरा. पांढरा, आणि अक्षर मोठं.

मी चुकीच्या माणसाच्या मशीनवर बसले की काय, असंच वाटलं मला. आणि मला कळण्याआधी बोटांनी 'चार्ज घे' लिहून टाकलं.

का लिहिलं, ते तुला तरी कळेल. दुसऱ्या कुणाला कळणार नाही. ज्या मशीनवर कुणाचं काम अर्धं पडलंय, तिथे शहाण्या माणसाने आधी ते जपून वर पाठवावं, म्हणजे 'चार्ज दे' म्हणावं. पण आपल्या घरात चार्ज देतो तो काम केलेला माणूस. नवा बसणारा फक्त घेतो. दुसऱ्याच्या नावाने चार्ज द्यायचा नाही, हे बाबांनी आपल्याला गणिताच्या पाढ्यांच्या आधी शिकवलं. तुझं काम मी कशी देणार? म्हणून मी घेतला. पडदा लुकलुकला आणि काळा झाला. अक्षर मुंगीएवढं.

तेव्हा लक्षात आलं. तुझे आठ दिवस त्या पांढऱ्या पडद्यात होते, आणि मी त्यांच्यावर जुनी गादी आणून टाकली होती. तू माझ्याशी वागलास तेच, तसंच, पाच मिनिटंही न लावता.

"बाबा," मी म्हटलं, "मी पुसलं."

"काय पुसलं?"

"दादानं जे केलं होतं ते."

बाबा स्टुलावर बसले. मग अगदी हळू म्हणाले, "कसं काय वं बाई." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

काहीतरी करायचं म्हणून मी 'चार्ज घे'ची फाइल उघडली. इतकी वर्षं रोज वापरते, आत काय लिहिलंय ते कधी वाचलं नव्हतं. तुझं लिहिलेलं काय वाचायचं, ते चालतंच. वाचत खाली आले तर मध्यावर चार ओळी. नवी गादी टाकण्याआधी, जुनं जर वेगळं असेल, तर तो जुना फोल्डर अख्खा उचलून 'बाजूला' नावाच्या जागी नेऊन ठेव, त्यावर तारीख घाल. आणि त्या चार ओळींवर तुझा शेरा, "करुणाच्या फाइली गेल्या. पुन्हा कोनाच्या जाऊ नये."

'चार्ज दे'च्या साठलेल्या ओळींमध्ये मागे जात जात मी त्या बदलाची तारीख शोधली. आपल्या पंधरा दिवसांच्या अबोल्याचा तिसरा दिवस होता तो.

तिसरा. म्हणजे पुढचे बारा दिवस तू माझ्यासमोर बसून जेवत होतास, लोणचं मागत होतास, आणि हे करून मोकळा झाला होतास. दादा, सांगायला काय झालं होतं? यात अवघड काय होतं? एक वाक्य बोलला असतास तर माझी कितीतरी वर्षांची कुरकुर वाचली असती. की तुला वाटलं मी वाचेन? मला खरंच समजत नाही. कधी वाटतं, किती चांगला होतास तू. आणि लगेच वाटतं, किती मठ्ठ. दोन्ही खरं आहे की काय, ते तरी सांगून जायचं होतंस.

पिशवीतून माझा लॅपटॉप काढून पाहिला. त्यातही 'बाजूला' होतं. माझा पांढरा पडदा जितक्या वेळा काळा झाला, तितक्या वेळा जपून ठेवलेला, तारखांसकट. तो पहिला रविवार सोडला, तर मी इतकी वर्षं जे गेलं म्हणून रडले ते माझ्याच पिशवीत होतं.

सुपेल्याच्या 'बाजूला'मध्ये कालच्याच तारखेचा एक फोल्डर होता. उघडला. मुख्य फाइलीत एक नवी ओळ, की ज्या मशीनचं जे नाव असेल त्याने त्या नावाची फाइल घ्यावी. आणि खाली तीन फाइली. सुपेला. कोहका. करुणा.

माझ्या फाइलीत पांढरा पडदा होता. मोठं अक्षर होतं. ती नीट चालते का ते बघायला तू स्वतःच्या मशीनवर माझी फाइल लावून बसला होतास. आठ दिवस तू पांढऱ्यावर काम केलंस, जो पांढरा तुला चुन्याच्या भिंतीसारखा वाटायचा. आणि खाली माझी नावं. कॉलेजातली, तू पुसलेली. तू ती माझ्या खांद्यावरून कधी वाचली होतीस कोण जाणे. अकरातली पाच लिहिली होतीस. त्यातली दोन चुकीची. पुढे शेरा, "बाकीचे आठवत नाही. रविवारी तिलेच विचाराचे."

मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं.

तिन्ही फाइलींच्या तळाशी ती ओळ होतीच, जिच्यावर तू लिहून ठेवलंयस 'हे काढू नको'. ती काय करते ते मला अजून कळलेलं नाही. कितीदा विचारलं, प्रत्येक वेळी "काढून पाहय" म्हणून हसलास. आता ती तशीच राहणार, आणि मी मरेपर्यंत तिच्याकडे बघत विचार करणार. तुला हेच हवं होतं बहुतेक.

मी सगळं उचलून परत जागेवर ठेवलं. पडदा पांढरा झाला. आता 'चार्ज दे' म्हणायचं राहिलं होतं, आणि मी तिथेच अडले.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"बाबा, आता चार्ज द्याचा आहे. पण काम त्याचं आहे. तुमीच म्हनता न, दुसऱ्याचा चार्ज आपन देत नाही."

बाबा स्टूल ओढून माझ्या शेजारी आले. म्हणाले, "एखादा मानूस चालू शिफ्टमंदी दवाखान्यात न्या लागला, तर त्याचा सोबती लिहे. त्याचं नाव लिहाचं, त्याच्या वतीनं असं लिहाचं, काय काम राह्यलं ते लिहाचं. मंग खाली आपलं नाव. म्या लिहिलं आहे तसं." मग म्हणाले, "तो पळून गेला असं नाही होत मंग."

मग त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. तू वाचणार नाहीस म्हणून इथे उतरवते. "ए शिफ्ट, सुपेला. प्रशिक यांच्या वतीने. करुणाची फाइल अर्धी झाली. सहा नावं लिहायची बाकी, दोन दुरुस्त करायची. ती करुणा करेल. बाकी ठीक. चार्ज दिला." खाली माझं नाव. बाबा म्हणाले, माझंही टाक. तेही टाकलं.

कळ दाबली. वर गेलं.

"देला न त्यानं चार्ज?" बाबांनी विचारलं.

"हो बाबा. देला."

तेव्हा बाबा रडले, दादा. इतक्या दिवसांनी. टेबलाची कड धरून, आवाज न करता. खाली मिस्त्रीने वाइंडिंगचं मशीन बंद केलं, त्याला कसं कळलं कोण जाणे. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मला तेव्हा वाटलं की आता माझंही काही मोकळं होईल. तसं काही झालं नाही. मला नुसतं वाटत राहिलं की तू खाली चहा सांगायला गेला आहेस.

डोळे पुसून बाबा म्हणाले, "तुनं घेतला का?"

राहिलंच होतं. मी माझा लॅपटॉप पुढे ओढला आणि 'चार्ज घे' लिहिलं. सवयीने डोळे बारीक केले, आता काळा होणार म्हणून.

पडदा पांढराच राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ज्यासाठी मी तुझ्याशी कॉलेजपासून भांडत आले, शेवटच्या फोनवर भांडले, ते तू मला देऊन टाकलं होतंस, आणि मी त्या पांढऱ्याकडे बघत मनातल्या मनात म्हणत होते, हो ना काळा. एकदा काळा हो. म्हणजे मी दादाला फोन लावते.